परसदाराची कडी

मी, कौतिकबाई वामन फेगडे, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा आयुष्यभर स्वयंपाक, राहणार निंबखेडे, तालुका यावल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते. कोणी माझ्या मानेवर बसलेले नाही. माझ्या मानेवर बसेल असा माणूस या घरात जन्माला आलेला नाही, आणि जो लग्न करून मला घेऊन आला तो पाच वर्षांपूर्वी देवाघरी गेला.

माझी मती ठिकाणावर आहे असा दाखला सरोदे वकिलांनी मागितला, म्हणून मी डॉक्टर अत्तरद्यांकडे गेले. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, दोन्ही बरोबर सांगितले. मग म्हणाले, "आजी, शंभरातून सात वजा करत जा." मी म्हणाले, "ते मले तरुनपनीबी जमत नव्हतं. पुरनाचं इचारा." त्यांनी हसून विचारले. तेव्हा हरभऱ्याची डाळ बोटचेपी झाली की लगेच का उपसायची, गूळ कधी घालायचा, पुरण गरम आहे तोवरच पाट्यावर का वाटायचे, आणि जायफळ घालताना हात का आवरायचा, हे सगळे सांगितले. डॉक्टरांनी दाखला दिला आणि प्रमाण बायकोसाठी लिहून मागितले. दाखला या मृत्युपत्राला जोडला आहे. प्रमाण दिलेले नाही.

कलम १. मी गेल्यावर तेराव्याला गावाला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी वाढावी. केळीच्या पानावर वाढावी. आयुष्यभर केळीच्या गावात राहून कागदी ताटात मला पोचवू नये. बट्टी आधी उकडावी, मग कापून तळावी, आणि वरण इतके पातळ करावे की बट्टी कुस्करून मध्ये आळे केले तर ते भरून वाहिले पाहिजे. पनीर आमच्या घरात कधी आले नाही, ते माझ्या तेराव्याला पहिल्यांदा येऊ नये. वाढायला आचाऱ्याची पोरे नकोत, गल्लीतल्यांनीच वाढावे. "घ्या अजून" असे म्हणणारा माणूस पंगतीत हवा, नाहीतर लोक लाजून उठतात.

कलम २. शेत माझ्या मालकांनी हयातीतच मुलाच्या, म्हणजे धनराजच्या नावे केले होते. त्यात मला काही बोलायचे नाही. बँकेतले आहे ते धनराज आणि माझी मुलगी रत्नप्रभा यांनी सारखे वाटून घ्यावे. पाटल्या रत्नाला, पोहेहार सुनेला, म्हणजे चारुशीलेला. पोहेहार माझ्या आईचा आहे. चारूला स्वतःच्या आईचे काही मिळाले नाही, कारण ती दोन वर्षांची असताना आई गेली आणि सिन्नरच्या मामाने तिला वाढवले. मामा माणूस चांगला होता, पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुलीला माहेरी आणायला कोणी लागते हे त्याच्या डोक्यात कधी आले नाही. त्यांच्याकडे आमच्यासारखी आखाजी नसते.

कलम ३. भांड्यांविषयी. कुरडयांचा पितळी सोऱ्या चारूला. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, पीठ शिजवायचे मोठे पातेले चारूला, कारण उन्हाळ्यात ते पहाटे चुलीवर चढवायला सोबत यायची तीच. कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या आहेत. मोठी धनराजला, जेवणात लोणचे नसले तर तो जेवलाच नाही असे समजतो. लहान बरणी सुरतेच्या जावयांना.

जावयांविषयी एक नोंद करून ठेवते. माणूस भला आहे, रत्नाला सुखात ठेवले आहे, पण लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी माझ्या भरतात घालायला साखर मागितली. बामणोदची हिरवी वांगी, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या, आणि त्यावर साखर. मी साखर दिली, जावई होते म्हणून. पण भरीत ठेचायचे माझे लाकडी भांडे सुरतेला जाऊ नये असे मी त्याच दिवशी ठरवले होते, ते आज लिहून पक्के करते. ते भांडे धनराजकडे राहील.

कलम ४. आता खापराविषयी. खापर म्हणजे मांडे भाजायचे मातीचे भांडे, जे चुलीवर पालथे ठेवतात. ते माझ्या मालकीचे नाही, म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही. ते शेजारच्या दारी राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई सुभद्राबाई यांचे आहे. ते त्यांच्याकडे कसे गेले हे लिहून ठेवणे पुढच्या कलमांसाठी जरुरीचे आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्रात गोष्टी लिहीत नाहीत. मी म्हणाले, मग वाटण्या कशाच्या लिहितात.

आमच्या सासूबाई तापीबाई. त्यांना दोन सुना, सुभद्राबाई आणि मी. मांडा एकटीने होत नाही. एकीने सैल भिजवलेल्या कणकेत पुरण भरायचे आणि तो गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा, चादरीसारखा पातळ, आणि न फाटता खापरावर टाकायचा. दुसरीने जाळ सांभाळायचा, मांडा उलटायचा आणि करपायच्या आत घडी घालून उचलायचा. सासूबाईंनी मला हात शिकवला आणि जाऊबाईंना जाळ. मी कधी जाळापाशी बसले तर उठवायच्या. जाऊबाईंनी गोळ्याला हात लावला तर हातावर चापट. मला वाटायचे, म्हातारीला आमचा भरवसा नाही.

पुढे विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांचे बिनसले आणि घराच्या मधोमध भिंत आली. भांड्यांची वाटणी सासूबाईंनी केली. खापर जाऊबाईंना दिले आणि कणीक मळायची काठवट मला. आम्ही दोघींनी त्या दिवशी म्हातारीला मनातून काय काय म्हटले असेल ते तिला वर गेल्यावर कळलेच असेल. मी हट्टाने यावलच्या बाजारातून नवे खापर आणले. पहिल्याच जाळाला ते तडकले, कारण नवे खापर कसे तापवून मुरवायचे हे मला कोणी शिकवले नव्हते. भिंतीपलीकडे जाऊबाई मांडा हातावर घ्यायच्या आणि तो फाटून राखेत पडायचा, वासावरून कळायचे. त्या आखाजीला दोन्ही घरांत पितरांच्या घागरी भरल्या आणि दोन्ही घागरींवर मांड्यांऐवजी नुसत्या सांजोऱ्या ठेवल्या. माझ्या मालकांनी सांजोरी उलटून पाहिली आणि ताट बाजूला सारले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

पुढच्या आखाजीला सकाळी भिंतीवरून आवाज आला.

"कौतिक, पुरन शिजलं का व?"

"शिजलं. पन मांडा टाकू कशावर, तुमच्या कपायावर?"

"मंग ये ना अथी. खापर तापेल हाये."

मी काठवट कडेवर घेऊन गेले. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, फक्त "टाक" आणि "उचल". संध्याकाळी दोन्ही भाऊ एका ओसरीवर बसून आमरसात मांडे बुडवून खात होते. विहिरीचा निकाल कोर्टात लागायच्या आधी तिथे लागला. सासूबाई कोपऱ्यात बसून दाणे सोलत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा मला कळले की म्हातारीने वाटणी डोळे उघडे ठेवून केली होती.

कलम ५. हे कलम लिहायला मला त्रास होतो, पण ज्यासाठी हे मृत्युपत्र करते आहे ते हेच.

मालक गेल्यानंतरची पहिली आखाजी. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाची घागर भरतात, तिच्यावर लहान मडके, त्यावर खरबूज नाहीतर आंबा, आणि पुढे आमरस-मांड्याचे ताट. चुलीतल्या निखाऱ्यावर त्याच्या नावाने घास टाकतात. मग लेकीबाळी झोक्यावर बसतात. त्याच्या पंधरवडाभर आधी मी धुण्याच्या दगडावर पडून मनगट मोडून घेतले होते. हात गळ्यात बांधलेला. रत्ना दरवर्षी दोन दिवस आधी यायची, मांडे हातावर ती घ्यायची, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्या वर्षी जावयांना सुटी मिळाली नाही आणि ती आखाजीच्या दिवशी दुपारी पोचली. चारू शाळेत शिकवते, निवडणुकीच्या कामावरून आदल्या संध्याकाळी परत आली होती. तिने भुसावळच्या बायकांकडून मांडे करून आणवले. चांगले पातळ होते, मी एक तुकडा खाल्ला होता.

रत्ना मागच्या बोळातून परसात आली, लहानपणापासून ती तिथूनच येते. पिशवी हातातच होती. तिने ताट पाहिले आणि विचारले, "हे मांडे कोनं केले?"

चारू म्हणाली, "आणवले, ताई."

"माह्या बापाच्या पयल्या घागरीवर इकतचे मांडे?"

"मग काय करायचं होतं? आईंचा हात मोडलाय, मला मांडा येत नाही. तुम्ही यायचं होतं दोन दिवस आधी."

"मले येता आलं नाही तं सांजोरी ठेवाची. इकतचं ठेवाचं नाही. येवढंबी कयत नाही का?"

"मला कुठून कळणार ताई, मला कोणी आखाजीला बोलावलंय का कधी? तुम्ही मात्र भरल्या ताटावर यायचं आणि उणं काढायचं."

"ताट तुहं असंल. घर माह्या बापाचं हाये."

"मग बापाच्या घरात चूल रोज कोण पेटवतं तेही बघा एकदा."

धनराज हातात घास घेऊन चुलीपाशी उभा होता. तो घास त्याने कधी टाकला ते कोणी पाहिले नाही. रत्ना घागरीला हात जोडून, पाणीही न पिता, आली तशी बोळातून परत गेली. तेव्हापासून तीन आखाज्या झाल्या. ती येते, नाही असे नाही. माझ्या मोतीबिंदूला आली, धनराजच्या मुलाच्या साखरपुड्याला आली. पण पाहुण्यासारखी पुढच्या दाराने येते, चहा घेते आणि संध्याकाळच्या गाडीने जाते. आखाजीला येत नाही. चारू तिला वाढते, ती "पुरे" म्हणते, आणि दोघी इतक्या गोड बोलतात की मी भिंतीकडे तोंड करून पडते.

भांडणात कोण बरोबर होते हे मी लिहिणार नाही. दोघी बरोबर होत्या, म्हणून तर ते मिटले नाही. मी एवढेच जाणते की आई असेपर्यंत लेकीला माहेर असते. आई गेली की माहेर भावाचे राहत नाही, ते भावजयीचे होते. मी उद्या डोळे मिटले तर रत्ना तेराव्याला येईल, आणि मग तिला या गावाचा रस्ता राहणार नाही. पन्नाशीच्या बाईलाही माहेर लागते. मला सत्त्याहत्तराव्या वर्षी अजून लागते, पण माझे सगळे वर गेले आहेत.

कलम ६. म्हणून राहत्या घराची वाटणी पुढीलप्रमाणे करते. घर मालकांनी माझ्या नावे केले आहे आणि त्याचे काय करायचे हा माझा अधिकार आहे.

(अ) पुढची ओसरी, मधली खोली आणि स्वयंपाकघर सून चारुशीला धनराज फेगडे हिला देते. मुलाला नाही, सुनेला. धनराजने याचे वाईट वाटून घेऊ नये. तो या घरात जेवायला आणि झोपायला येतो, ते दोन्ही त्याला चारूकडून पूर्वीसारखे मिळेल.

(ब) मागचे परसू, त्यातले कडुनिंबाचे झाड, त्याच्या ज्या फांदीला झोका बांधतात ती फांदी, मांड्यांची चूल आणि पाण्याचा नळ हे मुलगी रत्नप्रभा हिला देते. फांदी कोणी तोडू नये.

सरोदे वकिलांनी हे वाचून चष्मा काढला होता.

"बाई, नळ परसात आहे. सूनबाईंना पाण्यासाठी रोज नणंदेच्या जागेत पाय ठेवावा लागेल."

"हो."

"आणि मुलीला परसात नुसती चूल आहे. पीठ, भांडी, दिवा, सगळं स्वयंपाकघरात. म्हणजे तिला भावजयीचं दार वाजवावं लागेल."

"हो."

"हे भांडणाला आवतण आहे, बाई."

"आवतन नसलं तं कोनी येत नाही, वकीलसायेब."

ते म्हणाले, सरळ दोन भाग करा, मध्ये भिंत घाला, कोणाला कोणाची गरज पडायला नको. मी त्यांना सांगितले की भिंत घालून आम्ही एकदा पाहिली आहे.

(क) काठवट. ती दोघींची, सामाईक. रत्नाला हात माझ्याकडून आला आहे. चारू मामाकडे चुलीवर वाढली, जाळाची जाण तिला आमच्या कोणाहीपेक्षा जास्त आहे; तिच्या हातची भाकरी करपलेली मी पाहिली नाही. एकीला हात आहे, एकीला जाळ आहे. सासूबाईंना ते शिकवून घडवावे लागले होते, मला आयते मिळाले. ते वापरले नाही तर वर जाऊन तापीबाईंना काय सांगू.

कलम ७. घराची दुरुस्ती. पुढच्या ओसरीचे एक कौल गळते. परसदार, म्हणजे स्वयंपाकघरातून परसात उघडणारे दार, फुगले आहे आणि नीट लागत नाही. दोन वर्षे सांगते आहे, सुताराला बोलवा. चारू "बोलावते" म्हणते आणि रात्री दाराला आतून पाटा लावून ठेवते. गुडघ्यांमुळे माझी खाट पुढच्या खोलीत आली आणि मागे जाणे सुटले, म्हणून मला जाऊन बघता येत नाही. माझ्यामागे धनराजने सुतार आणावा.

कलम ८. त्याच परसदाराला स्वयंपाकघराच्या बाजूने वर एक लोखंडी कडी आहे. माझ्या मरणानंतर आठ दिवसांच्या आत चारूने ती कडी काढून टाकावी. घर तिचे आणि परसू रत्नाचे झाल्यावर दार एकीच्या बाजूने बंद होणारे नसावे. मला ठाऊक आहे की हे मोठे मागणे आहे. घरधनीण कडी काढते म्हणजे घराचा अर्धा मान काढते. चारू चिडेल. तिने चिडावे, पण काढावी. न काढल्यास पोहेहार धनराजकडे जाईल.

कलम ९. माझ्या पहिल्या आखाजीला माझ्या नावाची घागर भरतील. तिच्यापुढे ठेवायचा मांडा रत्नाने हातावर घेतलेला आणि चारूने भाजलेला असावा. तसे होणार नसेल तर नुसती पाण्याची घागर ठेवावी. मला चालेल, मी तिथेही कोणाकडून तरी करून घेईन. फक्त विकतचे ठेवून भांडू नये आणि सांजोरी ठेवून रडू नये.

कलम १०. या मृत्युपत्राला जाऊबाई सुभद्राबाई साक्षीदार आहेत. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. हे कळल्यावर मी त्यांनाच बोलावले. साठ वर्षांत त्यांनी माझ्याकडून नेलेली वाटी कधी भरून परत केलेली नाही, तेव्हा त्यांचा माझ्यावर आता काही हक्क राहू नये. त्यांना हे वाचून दाखवले आहे. त्या म्हणाल्या, "वाटी तुहीच गयकी होती."

पुरवणी, सह्यांच्या आधी लिहिलेली.

आज रविवार. सरोदे वकील, डॉक्टर अत्तरदे आणि जाऊबाई पुढच्या खोलीत जमले. धनराज केळीला पाणी द्यायला गेला होता. चारू घरात होती, म्हणून मी वकिलांना हळू वाचायला सांगितले होते. पण त्यांचा आवाज कोर्टात कमावलेला आहे. ते कलम आठ वाचत होते तेव्हा स्वयंपाकघरातला पन्हे ढवळायचा आवाज थांबला. मला वाटले, झाले. आता ही बाहेर येईल आणि सगळ्यांसमोर बोलेल, आणि बोलायचा तिला हक्क आहे.

ती तबकात पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आली. वकिलांना दिला, डॉक्टरांना दिला, जाऊबाईंच्या हातात नीट धरवला. मला देताना खाली बसली.

"आई, ते आठवं कलम खोडा."

मी म्हणाले, "नाही खोडनार. कडी काढावी लागंल."

"काढायला आहे कुठे? मी केव्हाच काढलीय."

मला काही समजले नाही.

"ताई आल्या नाहीत त्याच्या दुसऱ्या आखाजीला काढली. म्हटलं, त्या मागच्या बोळानं येणार. मी समोर कोणाला हळदी-कुंकू लावत असले, आणि त्यांना दार बंद दिसलं, तर हाक न मारता परत जातील. त्यांचा स्वभाव तसाच आहे. म्हणून स्क्रू काढले आणि कडी फडताळात ठेवली. तुम्ही म्हणत होता दार फुगलंय. मी म्हटलं, फुगलंच असू दे."

"मंग मले सांगितलं काबरं नाही?"

"काय सांगू? की मी वाट बघते म्हणून? भांडले मीच होते."

मी डॉक्टरांचा हात धरून उठले. दोन वर्षांनी मागे गेले. दाराच्या चौकटीवर कडीच्या जागी चार भोके आहेत, लाकूड तिथे बाकीच्यापेक्षा उजळ आहे. दार पूर्णपणे सरळ आहे, कुठेही फुगलेले नाही. बोटाने ढकलले तर उघडते. पलीकडे कडुनिंबाला मोहोर आला आहे आणि झोक्याची दोरी फांदीवर गुंडाळून ठेवलेली आहे, नवी. मी तिथेच चौकटीला धरून रडले. डॉक्टर म्हणाले, आजी, बसा. मी म्हणाले, मले उभं राहू द्या जरासं.

परत येऊन लिहिते: कलम सात आणि आठ, परसदारापुरते, रद्द. सुतार आणू नये. पोहेहार बिनशर्त चारूचा. कलम सहा बदलणार नाही. पन्हे एका दिवसाचे असते, नळ आणि चूल रोजची आहे.

कलम ११. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात हे मला माहीत आहे. एवढी पुरवणी मात्र माझ्या मरणासाठी थांबणार नाही. ती आत्ता, सह्यांच्या आधी, रत्नप्रभेला सुरतेला फोनवर वाचून दाखवावी. मी वाचली तर मला वाचवणार नाही, आणि चारू स्वतःचे कौतुक वाचायची नाही. म्हणून सरोदे वकिलांनी वाचावी. त्यांना रडू येत नाही.

त्याप्रमाणे वकिलांनी "पुरवणी" या शब्दापासून "थांबणार नाही" इथपर्यंत वाचले. मध्ये एकदा त्यांनी पन्ह्याचा घोट घेतला, तो घ्यायची तशी गरज नव्हती. वाचून झाल्यावर वकील म्हणाले, फोन कटला वाटतं. जाऊबाई म्हणाल्या, "कटला नाही. धरून ठेवा."

मग रत्नाचा आवाज आला.

"आखाजी बुधवारी हाये ना. मांड्यांचे गहू ओलवले का?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिले, मी चारूकडे. चारूने पदराला हात पुसले आणि फोन त्यांच्या हातातून घेतला.

"सकाळीच ओलवलेत, ताई. दरवर्षी ओलवते."

पुढचे त्या दोघींचे बोलणे त्यांचे आहे, ते इथे लिहीत नाही.

येणेप्रमाणे मी माझे सर्व लिहून दिले. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेले नाही आणि यानंतर लिहायची वेळ येऊ नये. वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मला मान्य आहे, आणि ते लिहिताना मी शुद्धीत होते, रडत होते ती गोष्ट वेगळी.

ठिकाण: निंबखेडे
तारीख: १५ एप्रिल २०१८

सही: कौतिकबाई वामन फेगडे

साक्षीदार:

१. डॉ. मिलिंद अत्तरदे. (मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली. प्रकृती ठीक. पन्ह्याचा दुसरा पेला घेतला.)

२. सुभद्राबाई नामदेव फेगडे. (सहीखालच्या दोन ओळी साक्षीदार बाईंनी वकिलांना न विचारता स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत, त्या तशाच ठेवल्या.)

खापर आज चारूनं येऊन घेऊन जावं. माह्यानं उचलत नाही.
वापस मांगनार नाही.